मदत हवी आहे: पहिली-दुसरीचा जोडवर्ग, ६ टॅब, १९ पोरं

नमस्कार मंडळी,

धुळे जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्याकडे, पट १९. दिवाळीनंतर एका देणगीदाराकडून ६ टॅब मिळाले. नारळ फुटला, सत्कार झाला, फोटो निघाले आणि टॅब कपाटात गेले. पुढं काय करायचं ते देणाऱ्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता एकेक करून बाहेर काढतेय तर नुसता गोंधळ चाललाय.

पहिली अडचण माझ्या ध्यानीमनीही नव्हती. ज्यांच्या घरी फक्त बटणांचा फोन आहे अशी सात-आठ पोरं टॅबला हातच लावत नाहीत. एक मुलगी नखाने टोचत बसली. काही होईना, म्हणून जोरात टोचलं, आणि हात मागे घेऊन रडवेली होत म्हणाली, "बाई, मी बिघडवला." या पडद्याला नख कळत नाही, बोटाचं टोक टेकवावं लागतं, हे सांगायचं मलाच सुचलं नव्हतं. याउलट घरी मोठा फोन असलेली पोरं दोन मिनिटांत यूट्यूब शोधून काढतात. गावात रेंज नाही हे माझं नशीब!

वाचनासाठी गूगलचं रीड अलाँग घेतलं (२०१९मध्ये 'बोलो' नावाने आलेलं, तेच). गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं. कल्पना झकास, पण माझ्या खोलीत एका बाजूला दुसरीचे पाढे चालू असतात. त्या गलक्यात ते कुणाचं ऐकणार? त्यात घरी अहिराणी बोलणारं पोर एखाद्या शब्दावर अडलं की ॲपही अडून बसतं, आणि पोर माझ्या तोंडाकडे बघत राहतं.

पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडून पाहिले. व्हिडिओ बरे आहेत, पण तिघांनी डोकी जुळवून नुसतं बघतच बसायचं, तर त्यापेक्षा मी हातवारे करून सांगितलेली गोष्ट पोरांना जास्त आवडते.

आशा आहे ती स्क्रॅचज्युनिअर या प्रोग्रॅमिंगच्या ॲपकडून. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच केलेलं आहे, हुकमांच्या चित्रांचे ठोकळे जोडायचे की पडद्यावरचं मांजर तसं चालतं, त्यामुळे अक्षरओळख नसली तरी चालतं, आणि नेटही लागत नाही. मांजर चालवून दाखवलं तेव्हा वर्ग उड्या मारत होता. पण टॅब एकाच्या हातात आणि बाकीचे दोघे त्याच्या मानगुटीवर! तर जोडवर्ग सांभाळणाऱ्यांनो, तिघांत एक टॅब तुम्ही कसा फिरवता? आणि बुजणाऱ्या पोरांची सुरुवात कशी करता?
– पाटीपेन्सिल

जुनाफळा: ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहिलीच्या पोराची बोटं अजून पेन्सिलीवर बसायची आहेत. टॅब तिसरीपर्यंत कपाटातच बरे.

पाटीपेन्सिल: राग कसला, दादा. पाटी सोडलेली नाहीच. पण तिसरीपर्यंत थांबले तर घरी फोन असलेली पोरं पुढे निघून जातील आणि ती नखाने टोचणारी तिथेच राहील. मला तिचीच काळजी आहे.

खडूवाला: मॅडम, आधी टॅब न काढता खेळा. अंगणात खडूने चौकटी आखा, ठिकरीला आखतो तशा. एक पोर यंत्रमानव, दुसरं हुकूम देणार: "दोन घरं पुढे, उजवीकडे वळ." यंत्राने आपली अक्कल चालवायची नाही, सांगितलं तेवढंच करायचं. आठवडाभराने स्क्रॅचज्युनिअर उघडा आणि चौकटी दिसण्याचं बटण दाबा. निळ्या बाणाखाली ४ टाकलं की मांजर चार घरं चालतं. अंगणातलंच पडद्यावर आलंय हे पोरं स्वतःच ओळखतात. तिघांत कामं वाटून द्या: एकाचं बोट, एकाने नुसतं सांगायचं, तिसऱ्याने चूक शोधायची. बोटवाल्याने न सांगता काही दाबलं की त्याची पाळी गेली. हिरव्या झेंड्यावर मांजर एकदा चाललं की कामं बदला. माझ्याकडे सुरुवातीला भांडणं झाली, मग तिसराच भाव खाऊ लागला.

सोनचाफा: बुजऱ्यांसाठी माझा अनुभव सांगते, कॅमेऱ्यापासून सुरू करा. "क वरून सुरू होणाऱ्या तीन वस्तूंचे फोटो आण" म्हटलं की कोंबडी, कुऱ्हाड, कपबशी, सगळं येतं. एकच गोल बटण दाबायचं असतं, त्यामुळे बिघडण्याची भीती जाते. स्क्रॅचज्युनिअरमध्ये पात्राच्या जागी स्वतःचा चेहराही टाकता येतो, तो नंतर दाखवा. यूट्यूबवाल्यांसाठी सेटिंगमध्ये स्क्रीन पिन करून ठेवा, दुसरं ॲप उघडत नाही. आणि रीड अलाँग व्हरांड्यात, एकेकाला, परिपाठाच्या आधी. सगळ्यांनी एकदम नको.

पाटीपेन्सिल: शनिवारी चौकटी आखल्या. हुकूम द्यायला मुद्दाम त्या नखवालीलाच उभं केलं. ती ठसक्यात म्हणाली, "पाच घरं पुढे!" यंत्रमानव पाच घरं चालला आणि थेट हौदाला थडकला. सगळे खिदळले. ही मात्र विचारात पडली, आणि म्हणाली, "थांबा थांबा, चारच सांगायला हवं होतं. परत." तिने तीनदा परत करायला लावलं, शेवटी पाणी पिण्याची सुट्टी संपली तरी कुणी आत येईना.

या आठवड्यात कॅमेरा काढते. फक्त एक सांगा, वर्गात प्लगची जागा एकच आहे आणि दुपारी वीज जाते. सहा टॅब तुम्ही कधी आणि कसे चार्ज करता?