गुटख्यावर बंदी आणली, मग घरोघरच्या मिश्रीचं काय?

कोयनाकाठ
महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली दरवर्षी नवा आदेश निघतो आणि त्यात गुटखा, पानमसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा, खर्रा असं सगळं येतं. अंमलबजावणी किती होते हा वेगळा वाद आहे. साधी तंबाखू मात्र या आदेशात नाही, आणि तव्यावर भाजून घरीच केलेली मिश्री तर कुठल्याच आदेशाच्या हाती लागणारी नाही.

माझं म्हणणं असं की गुटख्याविरुद्ध आपण जेवढा जोर लावला, त्याचा दहावा हिस्साही मिश्रीविरुद्ध लावला नाही. ती बायका लावतात, घराच्या आत लावतात, आणि घरातलं कुणीच त्याला व्यसन मानत नाही.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि खाणारे, मळणारे, लावणारे २४.४ टक्के; काही जण दोन्हींत मोडतात. बायकांमध्ये प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर सहा जणींमागे एक. मुंबईत नव्वदच्या दशकात ३५ वर्षांवरच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली होती. तिच्यात निम्म्याहून जास्त बायका तंबाखू वापरत होत्या, जवळपास सगळ्या बिनधुराची, आणि त्यात मिश्रीचा वाटा मोठा होता. हे मुंबई शहराचं चित्र आहे, कुठल्या आडगावचं नाही.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात. वास इतका उग्र की पोरं ठसका लागून अंगणात पळतात. मग चुरून, चाळून डबीत भरतात. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची आणि थुंकायची घाई करायची नाही. चूल पेटवणं, झाडलोट, पाणी भरणं सगळं मिश्री तोंडात धरूनच चालतं. मध्येच कुणी काही विचारलं तर हनुवटी वर करून, ओठ मिटत मिटत उत्तर येतं. दुपारी एकदा, रात्री झोपताना पुन्हा एकदा. आणि घरातल्या पोरीची दाढ दुखायला लागली की तिलाही सांगतात, ‘लाव चिमूटभर, थांबंल.’ बहुतेकींची सुरुवात अशीच झालेली असते.

आरोग्य खात्याने मिश्रीची वेगळी मोहीम काढावी. शाळेत मुलींना तिचं नाव घेऊन सांगावं आणि लावणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड वर्षातून एकदा तपासावं. तुमचं मत मांडा, विरोध असेल तर तोही.

माळावरचा
विरोध आहे. माझी आजी नव्वदीपर्यंत जगली, शेवटपर्यंत मिश्री लावत होती आणि दातांनी भाकरी मोडत होती. आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या अशाच गेल्या, वयाने. मग रासायनिक खतं, फवारणी केलेला भाजीपाला, शहरातला धूर यांचं काय? ज्यांनी कधी तंबाखूला हात लावला नाही त्यांनाही कॅन्सर होतोच की. गोरगरीब बाईचा एकुलता एक विसावा दिसला की सगळे उपदेश करायला धावतात.

दातांची डॉक्टर
माळावरचा, तुमच्या आजींबद्दल शंका नाही. तंबाखू वापरणारा प्रत्येक माणूस तिच्यानेच मरतो असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक तिच्यामुळे जातात. म्हणजे उरलेले जगतात, आणि आपल्याला आठवतात ते तेच. पंचेचाळिशीत गेलेल्या बाईला नातवंडांनी पाहिलेलंच नसतं, मग तिचं उदाहरण देणार कोण?

आता मिश्रीत नेमकं काय असतं ते. तंबाखू वाळताना, मुरताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगं तयार होतात. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन थेट कर्करोग घडवणारी म्हणून सिद्ध झालेली आहेत. ती कच्च्या तंबाखूतही असतात. मिश्रीसाठी पान जाळतो तेव्हा त्यात बेन्झोपायरीनची भर पडते, म्हणजे जो पदार्थ सिगारेटच्या धुरात सापडतो तोच. बाईने आयुष्यात एक विडी ओढलेली नसली तरी धुरातलं विष तिच्या हिरडीपर्यंत पोचतं. बिनधुराची तंबाखू आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो याबद्दल शंका उरलेली नाही अशा पदार्थांत. सुपारीही त्याच गटात आहे, तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा.

तोंडातली त्वचा पातळ असते. रोज त्याच जागी चिमूट बसली की तिथल्या पेशींची इजा भरून निघायच्या आत दुसरी इजा होते. आधी पांढरा चट्टा येतो, तो दुखत नाही आणि म्हणूनच कुणी दाखवायला येत नाही. लाल, मखमलीसारखा चट्टा त्याहून धोक्याचा. माझ्याकडे बायका येतात त्या दात हलतोय म्हणून. ओठ बाजूला करून पाहावं तर ज्या जागी बोट फिरतं तिथे हिरडी मागे सरकलेली, मूळ उघडं पडलेलं, आणि शेजारी तो चट्टा. किती दिवसांपासून आहे विचारलं तर म्हणतात, ‘आसंल की, बघितलंच न्हाई.’

तपासणीने फरक पडतो हा माझा अंदाज नाही. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मोठी चाचणी झाली, निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन फक्त बॅटरी लावून तोंडं पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्याला ना मशीन लागतं ना सुई.

आणि फवारणी, प्रदूषण हे प्रश्न खरेच आहेत. त्यांच्याविरुद्धही लढू. पण तोंडाच्या कर्करोगात तंबाखू आणि सुपारी यांच्याएवढं मोठं कारण आपल्या देशात दुसरं नाही. तो भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे. आर. आर. पाटील यांच्यासारखा, राज्याचा गृहमंत्री राहिलेला माणूस २०१५ मध्ये याच आजाराने गेला. शरद पवार त्यातून वाचले आणि तंबाखूच्या सवयीबद्दल स्वतः जाहीरपणे बोलले. हे मोठे लोक, त्यांची बातमी झाली. मिश्री लावणाऱ्या बाईची बातमी होत नाही.

टोळीवाली
मी बीड जिल्ह्यातली. आमच्या घरातून तीन पिढ्या कोयता घेऊन कारखान्यावर गेल्या. डॉक्टर ताई, तुम्ही सांगता ते खोटं नाही, पण मोहिमेला माझा विरोध आहे आणि तो का ते ऐका.

ऊसतोडीची बाई पहाटे तीनला उठते. भाकरी करून, लेकरू पाठीशी बांधून फडात जाते. पहिला घास पोटात जायला अकरा वाजतात. मिश्री लावली की भूक मरते हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही, पोटातून कळलंय. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, मी बोलते. कोपीवर, म्हणजे तळावरच्या आमच्या झोपडीवर, संडास नसतो. अंधार आहे तोवरच उरकून यावं लागतं. मिश्री लावली की पोट साफ होतं, वेळेवर होतं. बाईला त्या अर्ध्या तासात मोकळं व्हायचंच असतं, नाहीतर दिवसभर कळा सोसत ऊस तोडायचा. ही मिश्रीची खरी गरज आहे.

तुम्ही पोस्टर लावाल, भाषण द्याल, ‘माता-भगिनींनो’ म्हणाल. आणि तिच्या हातातली डबी घेऊन बदल्यात काय द्याल? तळावर पाणी, संडास आणि सकाळच्या खाण्याची सोय करा, मग डबीचं बोला. नुसती जागृती म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक अपराध ठेवणं आहे. आधीच मूल बारीक जन्मलं की तिलाच बोलतात.

कोयनाकाठ
टोळीवाली ताई, संडास आणि खाण्याची मागणी शंभर टक्के मान्य. माझ्या मूळ लेखनात ती असायला हवी होती, ती मोहिमेचा भाग धरा. पण ‘आधी’ या शब्दाला माझा विरोध आहे. तळावर सोयी व्हायला किती वर्षं लागतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तोवर तिला धोका सांगायचाच नाही का?

मूल बारीक जन्मण्याचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ मध्ये छापून आला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. त्यातल्या बहुतेक जणी मिश्रीच लावत होत्या. तिला दोष देण्यासाठी हा आकडा नाही. आज तिला दोष दिला जातो आणि कारणही सांगितलं जात नाही, हे जास्त वाईट आहे.

निपाणीकडचा
इथे सगळे खाणाऱ्याबद्दल बोलतायत, पिकवणाऱ्याचं कोण बोलणार? आमच्या आजोबांनी काळ्या रानात विडी तंबाखूशिवाय काही लावलं नाही. १९८१ ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबारात माणसं गेली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे विष पिकवतात. सरकार कर घेतं, व्यापारी बंगले बांधतो, आणि बंदी म्हटली की पहिला धक्का शेतकऱ्याला आणि विड्या वळणाऱ्या बाईला. सोलापुरात हजारो बायकांचं घर विडीवर चालतं. त्यांना काय सांगणार?

खरं सांगायचं तर तंबाखू सोडायला आमची ना नाही. जिथे कालव्याचं पाणी आलं तिथे लोकांनी आपणहून ऊस, सोयाबीन धरला. पाणी द्या, भाव द्या, तंबाखू आपोआप जाईल. हिरवी पानं खुडताना हात-डोकं गरगरतं, ओकाऱ्या येतात, ते आम्ही लहानपणापासून भोगलंय. आम्हाला त्याची आवड आहे असं समजू नका.

सरळ_बोलतो
मग उत्पादनच बंद करा ना! विकायला परवानगी द्यायची, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या तोंडाचं चित्र छापायचं आणि वर कर गोळा करायचा, हे बंद झालं पाहिजे. बंदी म्हणजे पूर्ण बंदी.

पानटपरीसमोर
पूर्ण बंदीवाल्यांनी गुटख्याचं काय झालं ते बघावं. कागदावर बंदी आली आणि कंपन्यांनी पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी केली. टपरीवर दोन्ही एकत्र मिळतात, गिऱ्हाईक तोंडात एकत्र करतं. विदर्भात खर्रा प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून उघड मिळतो. आणि मिश्रीच्या बाबतीत तर कायदा जुनाच आहे. १९९२ मध्येच केंद्राने दातवणात, टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला मनाई केली, सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये ती कायम ठेवली. पण तवा जिचा, तंबाखू जिची, तिच्यापर्यंत हा कायदा जाणार कसा? म्हणून मी बंदीच्या विरोधात आहे आणि मोहिमेच्या बाजूने.

गावातली आशा
मी आशा आहे म्हणून आमच्या कामातली अडचण सांगते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आम्ही घरी जाऊन भरतो. त्यात तंबाखूबद्दल प्रश्न आहे. बाईला विचारलं, तंबाखू खाता का, तर ती ‘नाही बाई’ म्हणते, आणि खरंच बोलते, कारण ती खात नाही. मग मी विचारते, मिश्री लावता का, तर हसून म्हणते, ‘ती तर लावतेच.’ ज्या आशा दुसरा प्रश्न विचारत नाहीत त्यांच्या फॉर्मवर गाव तंबाखूमुक्त दिसतं. कोयनाकाठ यांची बाकी मोहीम जेव्हा होईल तेव्हा होवो, फॉर्मवर मिश्रीची वेगळी ओळ उद्या टाकता येईल.

टोळीवाली ताईंचं मला पटतं. नुसतं ‘सोडा’ म्हणून कुणी सोडलेलं मी पाहिलं नाही. सासू, जाऊ, शेजारीण एकदम सोडायला तयार झाल्या तिथे जमलं. एकटीने सोडायचं म्हटलं की दुसरीची डबी समोर असते.

डॉक्टर ताईंना एक प्रश्न. साठीच्या पुढच्या बायका म्हणतात, आता सोडून काय होणार, जे व्हायचं ते झालंय. त्यांना काय सांगू?

दातांची डॉक्टर
आशाताई, त्यांना सांगा की झालेलं सगळं कायमचं नसतं. सवय थांबली की पांढरे चट्टे पुष्कळदा कमी होतात, काही पूर्ण जातात. मिश्रीचे नाहीत पण सिगारेटचे आकडे आहेत. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं लक्ष ठेवलं गेलं. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षांचं आयुष्य परत मिळालं, तिशीत सोडणाऱ्यांना जवळपास दहा.

सोडताना पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि पोट साफ होत नाही. बायका परत डबीकडे वळतात त्या बहुतेकदा पोटासाठीच, टोळीवालींनी नेमकं तेच सांगितलं. म्हणून मी आधी पोटाचं बघते. उठल्यावर कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, गरज पडली तर थोडे दिवस इसबगोल. मग आधी दुपारची वेळ बंद, नंतर रात्रीची, सकाळची सगळ्यात शेवटी. त्यातूनही तल्लफ आवरत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, व्यसन सोडवायला मदत करतात.

आणि चट्टा, गाठ किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, किंवा तोंडात उभी तीन बोटं जात नसतील, तर सोडण्याची वाट बघू नका. मिश्री चालू असतानाच पाठवा. मी तिला डबीवरून बोलणार नाही, आधी तोंड बघीन.