नीरोवरचे आरोप: टिकतात कुठले, गळतात कुठले?

प्रश्न: रोम जळत असताना रोमन सम्राट नीरो फिडल वाजवत होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. आता त्याची नाहक बदनामी झाली असंही वाचनात येतं. मूळ साधनं हाताशी घेऊन एकेक आरोप तपासायचा कसा?

प्रतिसाद १: टॅसिटस, सुएटोनियस आणि कॅसियस डायो हे तीन प्राचीन इतिहासकार शेजारी ठेवून वाचा. इ.स. ६४ च्या जुलैमधली आगच घ्या. या साधनांत फिडल नाही, गाणं आहे. पण नीरो गायला कुठे? टॅसिटस म्हणतो घरच्या रंगमंचावर, आणि तेही अफवा म्हणून. सुएटोनियस त्याला रोममधल्या मायसीनसच्या मनोऱ्यावर चढवतो, डायो राजवाड्याच्या छपरावर. जागा अशी फिरायला लागली की मजकूर ऐकीव समजावा. आगीच्या वेळी टॅसिटस जेमतेम आठ वर्षांचा होता, सुएटोनियस जन्मलाही नव्हता, डायो तर दीडशे वर्षांनी लिहितो. उलट टॅसिटसला नीरोचा तिटकारा, तरी तोच सांगतो की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर, अँटियम गावी होता. परतल्यावर त्याने बेघरांना स्वतःच्या बागा खुल्या केल्या आणि धान्याचा भाव मोदियसला (धान्याचं रोमन माप) ३ सेस्टर्सपर्यंत (रोमन नाणं) उतरवला. विरोधकाने दिलेली अशी कबुली सर्वात वजनदार.

प्रतिसाद २: मान्य, पण म्हणून त्याला धुऊन काढू नका. ५९ मध्ये आई अग्रिपिनाचा खून केला, हे तिघंही सांगतात. बुडवण्यासाठी खास बांधलेल्या बोटीचं नाट्य वगळलं तरी खून उरतोच. ६२ मध्ये बायको ऑक्टेव्हियाला बेटावर धाडून मारलं. आगीचा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवून त्यांना जिवंत जाळलं.

प्रतिसाद ३: नाणीही बघा, चलन हलकं केल्याचा आरोप तिथे तपासता येतो. आगीच्या सुमारास एका रोमन पौंड चांदीतून ८४ ऐवजी ९६ दिनार (चांदीची नाणी) पाडायला सुरुवात झाली, शिवाय तांब्याची भेसळ. इथे एक खाच आहे: टाकसाळीतच पृष्ठभागावरचं तांबं निघून जायचं, त्यामुळे नुसता वरचा थर तपासला तर चांदी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. गाभ्यातला नमुना घेतलेलेच आकडे धरा.

प्रश्नकर्ता: सामान्य लोकांना तो आवडायचा, याला काही आधार?

प्रतिसाद १: भरपूर. सुएटोनियसच लिहितो की त्याच्या थडग्यावर लोक कित्येक वर्षं फुलं वाहत होते. जून ६८ मध्ये तो मेला. पुढच्या वीस वर्षांत 'मीच नीरो' म्हणत तोतये उभे राहिले आणि त्यांना पाठीराखेही मिळाले. तोतया द्वेषाच्या जोरावर चालत नाही. ६९ मध्ये सम्राट झालेल्या ऑथोला गर्दीने 'नीरो' म्हणून हाक मारली, आणि त्याने नीरोचा सुवर्णमहाल पुरा करायला ५ कोटी सेस्टर्स मंजूर केले. द्वेष होता तो सिनेटच्या वर्गात, आणि इतिहास लिहिला तो याच वर्गाने.