धाकट्या जावेला मारहाण होतेय, ती पोलिसांत जायला तयार नाही, मुंबईत मदत कुठे मिळेल?

तिसरा_मजला:
ही आयडी फक्त या प्रश्नासाठी काढलीये, समजून घ्या. आम्ही कुर्ल्याला, एकाच बिल्डिंगमध्ये खाली सासूबाई आणि धाकटा दीर-जाऊ, वर आम्ही. दिराच्या लग्नाला चार वर्षं झाली, अडीच वर्षांची मुलगी आहे. मारतो हे मला दीडेक वर्षापासून माहितीये, आधी आवाज यायचे आणि मी टीव्ही मोठा करायचे, खोटं कशाला बोलू. गेल्या आठवड्यात तिचं मनगट सुजलं होतं, दवाखान्यात काय सांगितलंस विचारलं तर म्हणे बाथरूममध्ये पडले. मागे एकदा चौकीत गेली होती तर घरातलं घरात मिटवा म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून पोलिसांचं नाव काढलं तरी घाबरते. माहेर लातूरकडे, वडील नाहीत, भाऊ म्हणतो थोडं सहन कर. खोली सासूबाईंच्या नावावर, त्या सरळ म्हणतात पटत नसेल तर चालती हो, पोरगी इथेच राहील. आमचे हे म्हणतात तू मध्ये पडू नकोस, उद्या सगळं आपल्यावर येईल. तिचा फोन दीर रोज रात्री चेक करतो. मी नक्की काय करू?

रिटायर्ड_काका:
थोरल्या भावाने दोघांना समोर बसवून चार शब्द सांगावेत. दारू असेल तर ती सोडवा. कोर्टात एकदा गेलं की संसार संपला समजा.

पोळीभाजी:
काका, चार वर्षं झाली, कोण कुणाला समोर बसवणार आता? आणि दारूचं म्हणाल तर पिऊन साहेबाला का नाही मारत मग, बायकोवरच बरा हात उठतो.

खिडकी_शेजारी:
मी यातून गेलेय म्हणून लिहिते. मुंबईत आहात तर आधी भाभा हॉस्पिटलचं 'दिलासा' बघा, घरात मारहाण होणाऱ्या बायकांसाठी हॉस्पिटलातच असलेलं मदत केंद्र. २०००-०१ मध्ये वांद्र्याच्या भाभामध्ये महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून सुरू केलं, नंतर कुर्ल्याच्या भाभामध्येही झालं, म्हणजे तुमच्या जवळच. याचा मोठा फायदा काय तर घरातून निघताना हॉस्पिटलला जाते एवढंच सांगायचं, खोटंही बोलावं लागत नाही. माझा केसपेपर काढला, डॉक्टरने खांद्यावरचे वळ बघितले आणि नवऱ्याला बाहेर थांबवून मला आतल्या खोलीत पाठवलं. तिथल्या ताईंनी पहिल्या दिवशी सोड, केस कर, असलं काहीच म्हटलं नाही. रात्री परत घरी गेलीस तर काय होईल, कुठल्या खोलीतून बाहेर पडता येतं, शेजारी कोण दार उघडेल, हे विचारलं. मला तर आधी रागच आला होता की या काही करत का नाहीत. नंतर कळलं की त्या दिवशी मला तेवढंच पेलणार होतं. आणि डॉक्टरला खरं सांगायला सांगा तिला. 'पडले' असं लिहिलं गेलं की पुढे कोर्टात तोच कागद समोर येतो.

काळाकोट_ठाणे:
वकील आहे, कौटुंबिक प्रकरणं बघते. तुमच्या धाग्यात दोन भीत्या आहेत, घर आणि पोलीस.

घराचं आधी. खोली सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेला हाकलता येतं हा समज २००६ च्या एका निकालामुळे पक्का झाला होता, तो सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात मोडीत काढला. ती ज्या घरात संसार करत होती ते घर सासरच्या माणसांचं असलं तरी कायद्याच्या प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. मालकी मिळते असं नाही हं, राहण्याचा हक्क. म्हाताऱ्या सासूचाही विचार कोर्ट करतं, आणि कधी कधी त्याच घरात ठेवण्याऐवजी दुसरीकडे भाड्याची सोय करून द्यायला सांगतं. म्हणून तिला एकच निरोप द्या, रागाच्या भरात स्वतःहून निघू नकोस. जिवावर बेतलं तर अर्थातच निघायचं, तेव्हा घर-बिर बघायचं नाही, ११२ लावायचा.

पोलिसांचं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षणासाठी अर्ज करायला एफआयआर लागत नाही. संरक्षण अधिकारी म्हणून महिला व बालविकास खात्याची व्यक्ती असते, ती घटनेचा अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवते. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं, ही माहिती कुणीही देऊ शकतं, जाऊसुद्धा, आणि चांगल्या हेतूने दिली असेल तर तुमच्यावर काही येत नाही, कलम ४ वाचून दाखवा तुमच्या ह्यांना. कागदावर ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा असं आहे, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश पहिल्याच अर्जात मागायचा. तो मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता ती माहेरी किंवा मैत्रिणीकडे तात्पुरती राहत असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, नंबर १५१००.

पोळीभाजी:
आणि ४९८?

काळाकोट_ठाणे:
ते, म्हणजे नवरा-सासरच्यांनी छळ केल्याचं जुनं ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून. तो फौजदारी गुन्हा, नवऱ्याला अटक होऊ शकते. करायचं की नाही हे तिने ठरवायचं, जावेने नाही आणि आपण तर नाहीच नाही.

खिडकी_शेजारी:
राहायचं विचारायचं राहिलं. सखी वन स्टॉप सेंटरला ५ दिवसांपर्यंत राहता येतं, पोरगी बरोबर असली तरी. १८१ ला फोन केला की जवळचं सांगतात. आणि पोलिसांच्या जागेत बसणारा 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' पण असतो, १९८४ ला टाटा इन्स्टिट्यूटने मुंबईत सुरू केलेला. तिथे खाकीवाले नाहीत, समाजकार्य शिकलेल्या बायका असतात, चौकीचा अनुभव वाईट असला तरी तिथे जाऊन बघायला हरकत नाही.
फोन तिचा वापरू नका. तुमच्याच फोनवरून, तुमच्याच घरात बसून करा. आणि आधार, मुलीचा जन्मदाखला, पासबुक यांचे फोटो काढून ठेवा, ओरिजिनल हळूहळू तुमच्या कपाटात येऊ द्या.

तिसरा_मजला:
तीन दिवसांनी लिहितेय. दुपारी ती वर डाळ मागायला आली तेव्हा सांगितलं. रडली नाही, उलट विचारलं, ताई तुम्हाला कधीपासून ऐकू येत होतं? मला उत्तर देता आलं नाही. मग भाभाचं सांगितलं. घराचं ऐकून दोनदा परत विचारलं, नक्की ना म्हणून. आमच्या ह्यांना कलम वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, पण सकाळी स्वतःहून म्हणाले रिक्षाने जा, बसने नको. शुक्रवारी दिराची सेकंड शिफ्ट आहे, तेव्हा मनगट दाखवायला म्हणून जाणार आहोत. छोटीला सोबत नेलं तर चालेल का?

खिडकी_शेजारी:
चालेल. बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली घ्या, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो.