मदत हवी आहे: केशरी कार्ड आहे, पण धान्य मिळत नाही

गाव ग्रामीण भागात. घरात चौघं: मी, सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुलं. मिस्टर नाहीत, मी शेतमजुरी करते. कार्ड केशरी, पण प्राधान्य कुटुंब योजनेत नाव नाही, त्यामुळे माणशी ५ किलो धान्य मिळत नाही. यंदाचा उत्पन्नाचा दाखला ४२,००० चा आहे, म्हणजे ४४,००० च्या मर्यादेत बसतो. चौघांचं आधार जोडलंय, ई-केवायसीही झाली. दुकानात मशीनवर अंगठा लावला की नावं दिसतात, धान्यापुढे मात्र शून्य.

तहसीलच्या पुरवठा शाखेत दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा तोंडी उत्तर एकच, 'इष्टांक (योजनेत किती जणांना घ्यायचं याचा ठरलेला आकडा) शिल्लक नाही, नंतर या'. पहिल्या अर्जाची पोच मागायची राहिली, दुसऱ्यावर शिक्का घेतलाय. एजंटला पैसे देणं जमणार नाही, आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी जाते, म्हणून पुढची फेरी नीट माहिती घेऊनच मारायची आहे.

इष्टांक नसल्याचं लेखी कसं मागायचं? कुटुंबप्रमुख विधवा असल्याने थेट अंत्योदयसाठी (३५ किलो) अर्ज करता येतो का? की आधी जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावं? कुणाचं असं काम झालं असेल तर सोबत कोणते कागद जोडले होते?