सरावाने चित्रकला सुधारली का? आपले अनुभव लिहा

तलावपाळीकर:
शेजारची मुलगी इंटरमीजिएट परीक्षेच्या स्थिरचित्राचा सराव करताना तांब्याचे बूड सारखे पुसत होती, ते पाहून आमचे चित्रकलेचे सर आठवले. ते तासाच्या सुरुवातीलाच सगळ्यांची खोडरबरे गोळा करीत. रेघ चुकली तर ती तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची, असा त्यांचा दंडक होता. दोन्ही रेघा समोर राहिल्यामुळेच उमगले, की तांब्याचे तोंड डोळ्यांच्या पातळीजवळ असल्याने चपटे दिसते आणि बूड बरेच खाली असल्याने त्याची कड अधिक वळणदार काढावी लागते. तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे ठाऊक असल्यामुळे आपण तिथे सरळ रेघ ओढतो आणि चित्र फसते. आपला हात कशाने सुधारला, ते अवश्य लिहावे.

ऐरोलीची आजी:
मी निवृत्तीनंतर शिकले. एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचे आणि कोपर वाकू द्यायचे नाही, कारण ते वाकले की माप बदलते. मंडईसमोर असे माप घेताना भाजीवाल्याने मला दोनदा कोथिंबिरीचा भाव सांगितला.

रोजचा प्रवासी:
आजी, तुमची भाजी तरी जागची हलत नाही! मी ठाणे-वाशी लोकलमध्ये डुलक्या घेणारे प्रवासी रेखाटतो आणि नेमके नाक काढायला घेतले की घणसोली येते. त्यामुळे आधी डोक्याचा कल, मग खांदे, मग पाठीचा बाक, असा क्रम आपोआप बसला. उभा माणूस साधारण ७.५ डोक्यांइतका उंच असतो, हे पुस्तकी प्रमाण झोपाळू माणसाला मुळीच लागू पडत नाही.

नेरूळवासी:
रोहित पक्ष्यांचे पाय मला कधीच साधत नव्हते. पायाच्या मध्यावर जो गुडघा वाटतो, तो प्रत्यक्षात घोटा असतो आणि खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो, हे कळल्यावर पाय उलटे का वाकतात याचा उलगडा झाला. आता मी पाय न काढता दोन पायांमधल्या पाण्याचा आकार काढतो.

ऐरोलीची आजी:
ही युक्ती खुर्चीच्या पायांनाही चालते. पण एवढ्या सरावासाठी कार्ट्रिज कागद परवडतो का?

रोजचा प्रवासी:
आमच्या कचेरीतले पाठकोरे कागद पुरतात. शिवाय ते फुकटचे असल्यामुळे हात बिचकत नाही.

कळवेकर:
माझी अडचण वेगळी आहे. ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने छायांकन करताना तळहाताने सगळे चित्र काळे होते.

तलावपाळीकर:
हाताखाली कोरा कागद ठेवावा आणि डावीकडून उजवीकडे काम करावे.

कळवेकर:
मी डावखुरा आहे.

तलावपाळीकर:
मग उजवीकडून सुरुवात करावी. हाताखालचा कागद मात्र कायम.