मदत हवी आहे: चुन्याचा गिलावा करणारे गवंडी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या आमच्या गावात आम्ही सात-आठ जण रविवारी जुन्या वाड्यात छोटं संग्रहालय चालवतो. माजघरात जाती, पायली-शेर, दगडी रांजण आणि मोडी कागदांचं दप्तर मांडलंय. कौलं आम्हीच शाकारली. पण मागे कुणीतरी हौसेनं एका भिंतीला सिमेंट लावलं. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंटनं ती आत कोंडली. आता हात लावला की पोपडे सुटतात, आणि दप्तराचं फडताळ नेमकं त्याच भिंतीत! सिमेंट काढून, गूळ-हिरड्याचं पाणी घालून चुना दगडी चाकाच्या घाण्यात मळणारे गवंडी साताऱ्याकडे कुणाला माहीत आहेत का? पावसाळ्याआधी काम व्हायला हवं. तोवर दप्तर लोखंडी कपाटात ठेवलं तर चालेल का?