टायर प्रेशर सेन्सर बदलला तर प्रोग्रामिंग लागतंच का?

सिडकोकर_77:
मंडळी, गाडी 2017 ची आहे, 80 हजार किमी झालेत. महिनाभर झालं, गाडी चालू केली की तो उद्गारचिन्हवाला पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटूनच राहतो, पुढच्या डाव्या चाकाचं प्रेशर दिसायचं तिथं नुसत्या रेघा. नाशिकला मुंबई नाक्यावर तीनदा हवा बघून घेतली, चारही 33. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात चारही सेन्सर बदला आणि प्रोग्रामिंगचे वेगळे पैसे, आकडा ऐकून पुढ्यातला चहा तसाच सोडून निघालो. ऑनलाइन एक मागवून पंक्चरवाल्याकडून बसवून घेतला तर चालेल का?

गोदाकाठ:
निफाडकडं सकाळी जाणं होतं का? थंडीत पारा 10 डिग्री उतरला की दीड-दोन पीएसआय आपोआप कमी होतात, माझा दिवा डिसेंबरात रोज लागायचा.

अंबडचा_पाना:
गोदाकाठ भाऊ, त्यांचा दिवा लुकलुकतोय. हवा कमी असली की सरळ पेटतो, आधी लुकलुकला म्हणजे सिस्टीमलाच फॉल्ट. आणि एकाच चाकावर रेघा म्हणजे त्या सेन्सरचा सेल संपला. तो आत सीलबंद असतो, 5 ते 10 वर्षं चालतो, सुटा बदलता येत नाही, कोणी कापून नवा सेल टाकून देतो म्हणाला तर हात जोडा.
आता प्रोग्रामिंग. प्रत्येक सेन्सरला आपला नंबर असतो आणि गाडी ते चारच नंबर ओळखते, त्यामुळं नवा नुसता बसवला तर तिच्या लेखी तो परका. काही गाड्या थोडं चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना ओबीडीतून (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमधून) नंबर भरावा लागतो. पण युनिव्हर्सल, म्हणजे वेगवेगळ्या गाड्यांना चालणारा सेन्सर घेतलात तर त्यात जुनाच नंबर कॉपी करता येतो, गाडीला पत्ताच लागत नाही. सेल मेलेला असला तर सेन्सर वाचायच्या टूलला उत्तर मिळणार नाही, मग टायर उतरवल्यावर सेन्सरवर छापलेला नंबर असतो त्याचा फोटो काढा. फ्रिक्वेन्सीही जुन्याशी जुळवा, आपल्याकडं बहुतेक 433 मेगाहर्ट्झ, अमेरिकेतला माल बऱ्याचदा 315 चा निघतो, तो फुकट गेला समजा.

रात्रपाळी:
पंक्चरवाल्याला व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे हे आधीच ओरडून सांगा!! माझा मशीनवर टायर सोडवतानाच मोडला. आणि पंक्चरचं ते जेल भरू नका, सेन्सरचं भोक बुजतं.

सिडकोकर_77:
काम झालं. टायर घ्यायचेच होते तर तेव्हाच चारही चाकं उघडली, सेल मेलेलाच होता म्हणून नंबर फोटोवरून टाकला, चाकावर चढवायच्या आधी टूलवर वाचून बघितला. द्वारकापासून पाथर्डी फाट्यापर्यंत रेघाच होत्या, पार जीव टांगणीला, विल्होळीच्या पुढं 34 उमटलं. बाकीचे तीन बदलले नाहीत, फक्त व्हॉल्व्हचे रबर नवे टाकले.

अंबडचा_पाना:
तेही त्याच वयाचे आहेत, दोन-तीन वर्षांत एकेक जाईल. त्यांचेही नंबर लिहून ठेवलेत ना?

सिडकोकर_77:
अरे देवा.